कडक सावलीला सोळा

आमच्या घरात फोटोंचे चार आल्बम आहेत आणि त्यांत माझी आई कुठेही नाही. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही मुलीमुळे. तिला कॉलेजातल्या कसल्याशा कामासाठी आजीचा तरुणपणीचा एक फोटो हवा होता. एवढंच ना, दोन मिनिटांत काढून देतो, असं म्हणून मी बसलो आणि रविवारची अख्खी सकाळ आल्बमांत गेली. आमचे वडील, म्हणजे अण्णा, आहेत. अण्णा सायकलसह आहेत, सायकलशिवाय आहेत, एका ठिकाणी तर नुसती सायकलच आहे. मी आहे, दात असलेला आणि दात नसलेला. मावशी आहे, शेजारी आहेत, आणि शेजाऱ्यांकडे आलेले असे पाहुणे आहेत, की त्यांची नावं आज शेजाऱ्यांनाही सांगता येणार नाहीत. आई तेवढी नाही. कारण अगदी साधं आहे. हे सगळे फोटो आईनेच काढलेले आहेत.

"नीट बघा ना बाबा," मुलगी म्हणाली. "आजी सगळीकडे आहे." आणि तिने बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक फोटोत खालच्या कडेला, जमिनीवर, एक सावली होती. वर डोकं आणि कोपरं पोटाशी घट्ट आवळलेली. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा ही आईची पद्धत. त्यामुळे फोटोतल्या माणसाच्या पायाशी कायम तिची सावली. ती मी जन्मभर बघत आलो होतो, पण ती कोणाची आहे हा विचार काही माझ्या डोक्यात आला नव्हता.

माझी बायको व्यवहारी आहे. ती म्हणाली, "अहो, ओळखपत्रावर आहे की आईंचा फोटो." आहे, पण तो फोटो सरकारने काढलाय. त्यात आई अशी दिसते, की तिला नुकतंच कुठेतरी पकडून आणलंय आणि तिने अजून काहीच कबूल केलेलं नाही. असला फोटो कुणी आल्बममध्ये लावतं का? चौथ्या आल्बमचं शेवटचं पान मात्र कोरं होतं. मी मनाशी ठरवलं, आईचा फोटो काढायचा आणि या पानावर लावायचा.

मी मोबाइल घेऊन तिच्या खोलीत गेलो. तिने पंजा पसरून तोंडासमोर धरला.

"मोबाइल नको."

"अगं, एका सेकंदाचं काम आहे."

"म्हणूनच नको. त्यात तू काय करतोस? बोट लावतोस. बघतो तो मोबाइल." आईने शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. अख्खी गल्ली तिला अजून बाई म्हणते आणि ती अख्ख्या गल्लीशी वर्गात असल्यासारखी बोलते. "मला बघून काढलेला फोटो हवा. काढायचा तर माझ्या कॅमेऱ्याने काढ."

कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. वजनाला म्हणाल तर अर्ध्या विटेएवढा. वरच्या बाजूला एक इवलीशी काच आणि तिच्या आत उजेड मोजायचा काटा. तो काटा एका कोपऱ्यात निपचित पडला होता.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी वजनमाप खात्यात आहे. दुकानादुकानांतले तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांचे गज तपासून त्यांवर शिक्का मारणं हे आमचं काम. ज्याच्यावर शिक्का नाही ते माप नव्हे, या एका वाक्यावर मी अठ्ठावीस वर्षं पोट भरतोय. "अंदाजे" हा शब्द मी घरातसुद्धा खपवून घेत नाही. बायकोने आमटीत अंदाजे मीठ टाकलं तरी मी मोजायचा चमचा पुढे करतो. तर मी म्हणालो, "आधी हा काटा दुरुस्त करून आणतो."

"तो काटा तू तिसरीत असताना गेला," आई म्हणाली. "हे सगळे आल्बम त्याच्यानंतरचे आहेत."

मग तिने मला तिची पद्धत शिकवली. वेगाची चकती एकशेपंचवीसवर ठेवायची आणि विसरून जायचं. मग जमिनीवरची सावली बघायची. सावलीची कड कात्रीने कापल्यासारखी कडक असेल तर भिंगाची कडी सोळावर. कड जरा मऊ असेल तर अकरा. सावली आहे, पण कुठे संपते ते सांगता येत नाही, तर आठ. आभाळ भरून सावलीच पडली नाही तर साडेपाच, आणि झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं असेल तर चार. शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे एक घर. आकडा जितका मोठा तितकं आतलं भोक लहान. हे मला पटकन समजलं, कारण आमच्या खात्यातही पद जितकं मोठं तितकं काम लहान असतं.

"पण कड मऊ म्हणजे नक्की किती मऊ?" मी वही काढून विचारलं.

"बघ म्हणजे कळेल."

"किती मिलिमीटर?"

आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी वही मिटली.

पहिला रोल मी आमच्याच गॅलरीत काढला. ही बातमी कशी कोण जाणे, पण वरच्या मजल्यावर गेली. तिथे एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सल्ले अजून सेवेत आहेत. ते मोबाइल घेऊनच खाली आले. त्यांच्या मोबाइलमध्ये उजेड मोजायची सोय होती. "साडेसात आणि एकशेसदतीस," त्यांनी जाहीर केलं. कॅमेऱ्यावर साडेसात नव्हतं आणि एकशेसदतीस तर नव्हतंच. "मग कॅमेरा चुकीचा आहे," ते म्हणाले आणि आमच्याच गॅलरीत, आमच्याच खुर्चीवर बसून फोटोग्राफी या विषयावर पाऊण तास बोलले. आई शांतपणे उभी होती. मी सावली बघत होतो, वहीत लिहीत होतो आणि बटण दाबत होतो. छत्तीस फोटोंचा रोल. एकेचाळिसावा फोटो काढल्यावर बायको म्हणाली, "अहो, रोल संपत का नाही?"

काटकसरीने वापरला की पुरतो, असं मी म्हणालो. तेव्हा ते मला बरोबर वाटलं होतं. प्रत्यक्षात रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. मी जागच्या न हललेल्या रोलवर आईचे एकेचाळीस फोटो काढले होते. इंजिनिअरांनी ते जिन्यात सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाण्याने तराजूत साखर घालताना मला विचारलं, "साहेब, काटा हलतोय ना?" या वाण्याच्या तराजूवर माझा शिक्का आहे.

त्या दिवशी मी एक प्रतिज्ञा केली. पुढच्या रोलला माझी अक्कल अजिबात वापरायची नाही. आई सांगेल तो आकडा. आईचा शब्द म्हणजे शिक्का.

जागाही बदलायची ठरली. आईला बागेतलं जुनं कारंजं हवं होतं. रविवारी सकाळी अकराला मी, आई, बायको आणि न बोलावता आलेले इंजिनिअर असे फाटकाशी पोचलो. रखवालदाराने हात आडवा केला.

"कॅमेऱ्याला परवानगी लागते."

आत किमान वीस माणसं मोबाइलने फोटो काढत होती. ते मी त्याला दाखवलं.

"ते मोबाइल आहेत," तो म्हणाला. "हा कॅमेरा आहे."

मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे मला त्याचा रागही येईना. डावीकडे बागेचं कार्यालय होतं. तिथल्या कारकूनबाईंनी अर्ज दिला, दोन प्रतींत भरायचा. "छायाचित्रणाचा हेतू" असं होतं तिथे मी "आई" लिहिलं. त्यांनी ते खोडून "खाजगी" केलं. मग खाली बोट दाखवलं. "ज्या व्यक्तीचे छायाचित्र काढायचे, तिचे अलीकडचे छायाचित्र जोडावे."

"बाई," मी म्हणालो, "ते नाही म्हणून तर काढायचंय."

"ते बरोबर आहे," त्या समजुतीने म्हणाल्या. "पण ते असल्याशिवाय काढता येणार नाही."

असा नियम आमच्या खात्यात कुणाला कसा सुचला नाही, याचं मला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं. शेवटी बागेच्या बाहेरच्या भिंतीशी, फुटपाथवर आईला उभं केलं. भिंत कुणाच्याही परवानगीशिवाय फुटपाथकडे तोंड करून होती.

"आई, किती?"

आईने जमिनीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "ढग आलाय वाटतं. सावलीच नाही, त्यात भिंतीचा आडोसा. चार ठेव."

मी कडी चारवर आणली. इंजिनिअर घसा खाकरून म्हणाले, "अहो, चार कसं? माझा मोबाइल सोळा दाखवतोय. लख्ख ऊन आहे."

गेला आठवडाभर साठलेला माझा सगळा अपमान तेव्हा उसळून वर आला. "तुमचा मोबाइल तुमच्या खिशात ठेवा," मी म्हणालो. "माझ्या आईने असले हजार फोटो काढलेत. ती चार म्हणाली म्हणजे चार."

इंजिनिअरांनी मोबाइल खिशात ठेवला. आईने मात्र हो म्हटलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि आई म्हणत होती ढग. पण मी खाली बघितलंच नाही. ताठ मानेने छत्तीस फोटो काढले. या वेळी रोल बरोबर छत्तीसला संपला आणि मला फार अभिमान वाटला.

शहरात रोल धुणारं एकच दुकान उरलं होतं. तिथले फोटोवाले सत्तरीचे, आईच्या ओळखीचे. आईचे सगळे रोल त्यांनीच धुतले होते. चार दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरली. पट्टी डांबरासारखी काळी होती. जोडीला एक छापलेला फोटो ठेवला. त्यात दुधात पडल्यासारखं सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी एक चष्मा होता.

"चार घरं जास्त उजेड गेलाय," ते म्हणाले. "शिवाय शटर म्हातारं झालंय, ते सावकाश मिटतं. आकडा कोणी सांगितला?"

"आईने."

"बाईंनी?" त्यांनी पट्टी खाली ठेवली. "भर उन्हात बाईंनी चार सांगितलं?"

"म्हणाली सावलीच दिसत नाही."

ते बराच वेळ पट्टीची गुंडाळी करत राहिले. गुंडाळी झाली, तरी सोडून पुन्हा केली. "साहेब," मग ते म्हणाले, "चाळीस वर्षांत बाईंचं अर्धं घर चुकलेलं मी बघितलं नाही. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. भर रस्त्यात पायरीवर बसण्याची माझी सवय नाही. एकेक आठवायला लागलं. आई हल्ली सकाळचं वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला लावायची, म्हणे तुझा आवाज बसलाय, जरा सुटू दे. चहा कपाच्या जरा बाहेरच पडायचा, म्हणे कपच वाकडे आलेत. दुपारी बाराला दिवा लावायची आणि म्हणायची, ढग आलाय. चार महिने आमच्या घरावर ढग होता आणि रोज तिच्यासमोर बसून मी पेपर वाचत होतो. गावभरच्या तराजूंचे काटे मी केसाएवढा फरक पडला तरी पकडतो. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आलो तेव्हा आई गच्चीवर खुर्ची टाकून बसली होती. मी पाकीट मागे लपवलं.

"जळले ना सगळे?" तिने विचारलं.

"थोडे."

"मला तेव्हाच कळलं. इंजिनिअर सोळा म्हणाले तेव्हा." ती माझ्याकडे नाही, समोर बघत बोलत होती. "मानेवर ऊन लागत होतं रे. पण जमिनीवर काही दिसेना. मीही सोळा म्हणाले असते तर फोटो आला असता. पण मग तो अंदाज झाला असता, बघणं नाही."

"आई, मला सांगायचंस ना."

"काय सांगू? बाईंना सावली दिसत नाही, असं?" तिने पदराने चष्मा पुसला. पुसून उपयोग नाही हे तिलाही माहीत होतं. "मला दुसरं येतं काय? अण्णा गेले, शाळा सुटली, तरी निदान उजेड कळतो असं होतं. आणि डॉक्टर म्हणणार कापा. भीती वाटते मला."

आईला भीती वाटते, हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसलो आणि तिचा हात धरला. तो हात रागवायच्या तयारीत नव्हता, याचंच मला जास्त रडू आलं.

मग ती म्हणाली, "जाते मी डॉक्टरकडे. पण आधी माझा फोटो काढ. मी आकडा सांगणार नाही. ऑपरेशननंतर दिसलं तर तो आधी बघेन."

"आणि..."

"नाही दिसलं तर घरात एकाला तरी सावली कळते एवढं मला कळू दे."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय, उशीर केलात, तरी बघू. दहा दिवसांनंतरची तारीख दिली. फोटोवाल्यांनी त्यांच्या फ्रिजमध्ये औषधांशेजारी ठेवलेला शेवटचा रोल मला काढून दिला आणि तो कॅमेऱ्यात स्वतः भरून दिला. माझी कीर्ती तिथवर पोचली होती. "सावली मी बघणार," मी म्हणालो. "शटरचं काय करू?" ते म्हणाले, "सकाळभर उघडमीट करून जरा तेल-पाणी केलंय. तुम्ही फक्त खाली बघा."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. जिन्यात इंजिनिअर भेटले. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "छे हो," आणि मोबाइल माझ्या बायकोच्या हातात देऊन रिकाम्या हातांनी वर आले. मला ते फार मोठं वाटलं.

आई पाण्याच्या टाकीसमोर उभी राहिली. मी ऊन पाठीशी घेतलं. माझी सावली लांब होऊन तिच्या पायांपर्यंत गेली. मी खाली वाकलो, खिशातून खात्याची शिक्का मारलेली मोजपट्टी काढली आणि सावलीच्या कडेला लावली.

"काय करतोस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"पट्टी ठेव खिशात."

तिला पट्टी दिसली नव्हती. तिला मी दिसत होतो, पन्नास वर्षांपासून. मी पट्टी ठेवली आणि गुडघ्यांवर बसून नुसतं बघितलं. सावलीत माझे कान होते. एका कानावरचा उभा राहिलेला केस होता, तोसुद्धा वेगळा दिसत होता. सिमेंटवर कोणी कात्रीने कापून ठेवावी तशी कड. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मी शिक्का नसलेल्या गोष्टीवर सही करत होतो.

"सोळा," मी म्हणालो.

"ढग?"

"ढग नाही आई. लख्ख ऊन आहे."

ती हसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, फक्त हसली आणि मी बटण दाबलं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि समोर अक्षरांचा फलक धरला. आईने तो हाताने बाजूला केला. "आधी फोटो," ती म्हणाली. डॉक्टरांना काही कळेना. फोटोवाल्यांनी एका रात्रीत धुऊन दिलेला फोटो मी पाकिटातून काढून तिच्या हातात दिला. बायको माझा दंड धरून उभी होती.

आईने फोटो जवळ नेला. लांब नेला. खिडकीकडे वळवला. तिचा डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं, ते औषधाचं की कशाचं कोण जाणे. फोटोत ती हसत होती, मागे टाकी होती आणि तिच्या चपलांशी जमिनीवर एक सावली होती, दोन्ही कोपरं पंखांसारखी बाहेर काढलेली.

"अर्धं घर जास्त झालंय," आई म्हणाली.

मी मान खाली घातली.

"आणि कोपरं पोटाशी धरायची, किती वेळा सांगितलं. हात हलतो." तिने सावलीवर बोट ठेवलं, बरोबर कडेवर, आणि ते कडेकडेने माझ्या कानापर्यंत फिरवत नेलं. "पण बघून काढलास."

मग तिने फलक डॉक्टरांच्या हातातून स्वतःच घेतला आणि वाचायला लागली. शेवटची ओळ चुकली. तो फोटो आता चौथ्या आल्बमच्या शेवटच्या पानावर आहे. त्यात आम्ही दोघं आहोत.